नाक्यावर उभी केलेली निता

शिवशंकर कादंबरी लिहितो हे आमच्या हट्टा गावात सगळ्यांना माहीत आहे. ती पुरी होत नाही, हे शेजारच्या गावांनाही माहीत आहे. कुणी विचारलं की, "शिवशंकर, पुस्तक कवा येऊन राहिलं?" तर तो म्हणतो, "पुस्तकाचं काय घेऊन बसलात, आपलं मजेसाठी लिहितो." हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. मजेसाठी माणूस पत्ते खेळतो, पारावर बसून तंबाखू मळतो, फार तर दुसऱ्याच्या बांधावर बसून तिसऱ्याची निंदा करतो. एका तरण्या बाईला वर्षानुवर्षं रस्त्यावर उभी करून ठेवणं ही कुठली मजा?

पण आधी माणूस सांगतो, मग बाई.

शिवशंकरचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडे त्याच्या अंगणात हळद शिजवायचा कुकर आहे. बाकीचे कुकरवाले आपापला कुकर ट्रॅक्टरमागं जोडून शेतोशेत फिरतात. शिवशंकरचा कुकर जुना, वजनदार आणि मालकासारखाच बैठा, जागचा हलत नाही. ज्यांच्या शेतात उन्हाळ्यात पाण्याची सोय नाही, ते ट्रॉलीत ओली हळद भरून त्याच्याकडे येतात. शिमग्याच्या सुमाराला हंगाम सुरू झाला की पाडव्याच्या पुढंपर्यंत माझ्या घरात वाफ, धूर आणि हळदीचा वास. माझी सगळी धोतरं पिवळी झालीत. लोकांना वाटतं, मी रोज कुणाच्या तरी हळदीला जाऊन येतो.

या कुकरावर नंबराची एक पद्धत आहे. कुकरपासून फाटकापर्यंत भिंतीच्या कडेनं दगड मांडलेले असतात. जो येईल त्यानं शेवटच्या दगडामागं आपला दगड ठेवायचा आणि खुशाल घरी जायचं. आपली हळद शिजून निघाली की आपला दगड आपल्याच हातानं उचलून बाहेर फेकायचा, मग मागच्यांनी आपापले दगड हातभर पुढं सरकवायचे. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. ज्याला त्याला आपला दगड ओळखू येतो. उकंडरावांची अर्धी वीट असते. तांड्यावरचा किसनसिंग पूर्णेच्या पात्रातला गुळगुळीत गोटा आणतो. चुकून कुणाच्या दगडाला पाय लागला तर माणूस तो परत होता तिथं ठेवतो. एवढा कायदा मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

आणि नंबराच्या बाबतीत शिवशंकर भलताच कडक. एकदा खुद्द त्याचे सासरे ट्रॉली घेऊन आले आणि जावयाच्या दारात नंबर कसला म्हणून थेट कुकरला भिडले. शिवशंकर त्यांच्या पाया पडला, त्यांना चहा पाजला आणि मग हातात एक दगड दिला. त्या वर्षी दिवाळीला जावयाला बोलावणं आलं नाही. शिवशंकरच्या बायकोनं, मंजुषानं, ती गोष्ट अजून गाठीला बांधून ठेवली आहे.

तर असा हा माणूस. अंगणात सासऱ्याला मागं उभा करतो आणि कादंबरीत मात्र जो येईल त्याला पुढं घालतो.

आता कादंबरी. निता नावाची एक बाई नवऱ्याचं घर सोडते आणि गाठोडं घेऊन कनेरगाव नाक्यावर हिंगोलीच्या गाडीची वाट बघत उभी राहते, अशी ती सुरू होते. पहिली तीन प्रकरणं खरोखर चांगली आहेत. मी ती भिंतीअलीकडून ऐकली आहेत. कुकरात हळद भरून खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या की वाफ धरेपर्यंत शिवशंकरला सवड असते. त्या वेळात तो लिहिलेलं आपल्या आत्याला, म्हणजे सखुबाईला, वाचून दाखवतो. आत्याला अक्षर येत नाही, तिचं सगळं वाचन कानानंच. चौथ्या प्रकरणात निता धाब्याच्या सावलीला उभी राहिली, वाशीमकडून लाल गाडी येताना दिसली, आणि नेमका त्याच दिवशी शिवशंकरला फावड्यानं हळद ओढता ओढता एक चोर सुचला.

हा चोर फक्त देवळातल्या घंटा चोरायचा. झालं. पाचवं प्रकरण घंटाचोराचं. सहाव्यात त्याला तलाठ्याच्या स्वप्नात येणारी म्हैस सुचली. सातव्यात दोन जावांमध्ये मिळून एकच मोबाईल. मी विचारलं, "अरे, त्या बाईचं काय?" तर म्हणाला, "काका, सुचलेलं तवाच न्हाई धरलं तर उडून जातं. निता काय, उभीच हाय."

उभीच होती बिचारी. मधल्या काळात एसटीचा संप येऊन गेला. बायकांना अर्धं तिकीट झालं. निता पुऱ्या तिकिटाच्या काळात उभी राहिली होती, ती अर्ध्या तिकिटाच्या काळातही उभीच. म्हैस तेवढ्यात दोनदा व्याली.

मला या सगळ्याचं हसू आलं असतं, पण सखुआत्यामुळं येत नव्हतं. ही निता शिवशंकरच्या डोक्यातून आलेली नाही. ती आत्याच्या आयुष्यातून आली आहे, आणि हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आत्याला कनेरगावाच्या पलीकडे दिलं होतं. नवरा मारकुटा. एक दिवस ती गाठोडं घेऊन नाक्यावर आली. गाडी आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, "येता का बाई?" आत्यानं पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात धाब्यावरून सासरच्या गावचा कुणीतरी ओरडला, "कुठं चालली गं?" आणि आत्यानं पाय खाली घेतला. गाडी गेली. ती परत सासरी गेली आणि नवरा मरेपर्यंत तिथंच राहिली. मग भावानं तिला हट्ट्याला आणलं. ही गोष्ट ती कण्या निवडता निवडता कुणालाही सांगते, रडत बिडत नाही. शिवशंकरनं ती न विचारता उचलली आणि आत्यालाही त्याचं काही वाटलं नाही. तिचं एकच मागणं होतं. या खेपेला बाई गाडीत बसावी.

गेल्या वर्षी आत्याच्या कानांनी दगा दिला. शिवशंकर तिला नांदेडला घेऊन गेला. डॉक्टरनं सांगितलं की एक कान गेलेला आहे, दुसराही फार दिवस चालणार नाही, आणि मशीन लावूनही पैसे तेवढे जातील. घरी आल्यावर मंजुषानं तोंडाला पदर लावला. आत्या मात्र ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शिवा, कान हाय तवर निताला गाडीत बसव. मंग तुझी म्हैस लिही, चोर लिही, मला काय बी म्हननं न्हाई."

शिवशंकर हेलावला. "आजच बसवतो," म्हणाला. आणि दुपारी त्याला एक आंधळा फोटोग्राफर सुचला.

तेव्हा मंजुषा बोलली. ती एरवी कादंबरीच्या वाटेला जात नाही. हातातला झाडू खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी माझ्या बापाला दगड दिला. या फोटोग्राफरला काहून न्हाई देत?"

मी भिंतीवरून ऐकत होतो. इतकी साधी गोष्ट. सुचलेलं हाकलायचं नाही आणि उडूही द्यायचं नाही, त्याला नंबराला बसवायचं. कागदावर टिपून ठेवायची सोय नव्हती, कारण हंगामात त्याचे हात कोपरापर्यंत ओले आणि पिवळे. त्या हातांनी कागद धरला की कागदाचं भजं होतं आणि मोबाईल तर बोटाला ओळखच देत नाही. दगडाला ओल्या हाताचं वावडं नसतं. म्हणून शेतकऱ्यांच्या रांगेमागं हातभर जागा सोडून त्यानं सुचलेल्यांची रांग सुरू केली. फोटोग्राफरला एक पांढरी गारगोटी मिळाली.

ती ठेवायला तो वाकला तेवढ्यात आत्या आतून आपला लसूण ठेचायचा काळा चपटा दगड घेऊन आली आणि तिनं तो गारगोटीच्या पुढं ठेवला.

"हा निताचा," ती म्हणाली. "पैला नंबर."

आठवडाभर दृष्ट लागावी असं चाललं. काही सुचलं की शिवशंकर उठायचा, दगड ठेवायचा आणि परत निताकडे यायचा. गाडी नाक्यावर आली. ब्रेक लागला. धूळ उडाली. गाडीचं दार उघडलं. मी माझी दुपारची झोप सोडून भिंतीला पाठ लावून बसू लागलो.

पण आता आत्याला हळू वाचलेलं ऐकू येत नव्हतं. शिवशंकर ओरडून वाचू लागला. "निताच्या काळजात धस्स झालं," हे तो अशा आवाजात वाचायचा की माझ्या बैलांच्या काळजात धस्स व्हायचं. आणि अंगणात हळद घेऊन आलेली माणसं होतीच. इतकी वर्षं जे आत्याच्या कानात होतं ते आता चारचौघांच्या कानात पडू लागलं, आणि चारचौघांच्या कानात पडलेल्या गोष्टीत आमच्या गावात चौघंही हात घालतात.

पहिले उकंडराव. "तिचा नवरा मागून येऊ दे," ते म्हणाले. "मोटारसायकलवर. नवी मोटारसायकल." शिवशंकर म्हणाला, "मामा, नंबर लावा." उकंडरावांनी दगड ठेवला. किसनसिंग म्हणाला, "बाई उपाशी हाय का? आमच्या तांड्यावर लगीन दाखव, जेवून जाईल. मंग बस म्हना गाडीत." त्यानंही ठेवला. मीही एक ठेवला, खोटं कशाला बोलू. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या धाब्याचा मालक हा एक भारदस्त, समजूतदार, शेजारधर्म पाळणारा माणूस असावा. असा माणूस शोधायला शिवशंकरला लांब जावं लागलं नसतं.

आणि शिवशंकर बिघडला. आजवर त्याला लोकांनी फक्त "पुस्तक कवा" एवढंच विचारलं होतं. आता माणसं दारात उभी राहून "पुढं काय" विचारत होती. अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो. तो म्हणू लागला, "हे एकच लिहितो, बारीक हाय." गाडीच्या दारात उभ्या कंडक्टरला त्यानं बालपण दिलं. तोच पुढं घंटाचोर निघाला. दार उघडं, निताचा पाय हवेत, आणि कंडक्टर दोन प्रकरणं आपल्या मावशीच्या आठवणी काढतोय. आत्या विचारायची, "बसली का?" शिवशंकर ओरडायचा, "बसतीया, बसतीया." काळा दगड पहिल्या नंबरावर जसाच्या तसा होता, आणि त्याला ओलांडून गावचे दगड पुढं जात होते.

मग व्हायचं ते झालं. मध्ये सोडलेली हातभर जागा भरली. हळदीची रांग आणि कादंबरीची रांग एक झाली आणि फाटकातून बाहेर लिंबाच्या झाडापर्यंत गेली. ऐन हंगामात किसनसिंग ट्रॉली भरून आला. त्यानं लिंबापासून कुकरपर्यंत दगडच दगड पाहिले, कपाळाला हात लावला, म्हणाला, "इथं पोळ्यापर्यंत नंबर येत न्हाई," आणि ट्रॉली वळवून दुसऱ्या गावच्या कुकरवर गेला. त्याच्यामागं आणखी काहीजण गेले. त्या रांगेत खरे हळदवाले बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी सगळी म्हैस, मोटारसायकल आणि माझा धाबेवाला. दगडावर काय लिहिलेलं असतं?

उकंडरावांची तर कमालच झाली. त्यांनी एकच वीट फोडून अर्धी हळदीसाठी ठेवली होती आणि अर्धी मोटारसायकलसाठी. नंबर लागला असेल म्हणून ते माणसं घेऊन आले, तर त्यांची हळद ट्रॉलीत तशीच सुकत पडलेली.

"माझा नंबर काहून न्हाई लागला?"

"लागला की मामा," शिवशंकर म्हणाला. "मोटारसायकल लिहून झाली. ऐकता का?"

उकंडराव काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मोटारसायकल कोणत्या कंपनीची दाखवली हे त्यांनी जाता जाता विचारलंच.

त्या दिवशी भर हंगामात कुकर थंड पडला. मंजुषानं हळदवाल्यांचे दगड जागेवर ठेवले आणि बाकीचे टोपल्यात भरभरून भिंतीच्या माझ्या बाजूला आणून मांडले. रांगेचा क्रम तेवढा तिनं मोडला नाही. काळा दगड पुढं, त्याच्यामागं गारगोटी, मग सगळं गाव. मला विचारलं का? नाही. माझी भिंत म्हणजे जशी काही यांची कोठीची खोली. मी तोंड उघडणार होतो, पण तिच्याकडे बघून मिटलं.

किसनसिंगकडे ती स्वतः जाऊन आली. दोन दिवसांनी त्याची उरलेली हळद आमच्याकडे आली, उकंडरावांचीही भरली, कुकर पुन्हा पेटला. वाफ धरली आणि शिवशंकरनं झडप मोकळी केली. ही वाफ सुटते तेव्हा असा आवाज होतो की नवा माणूस पळत सुटतो. आत्या इतक्या वर्षांनंतरही दर वेळी दचकायची आणि "मेलं ते" म्हणायची. त्या दिवशी ती कुकरकडे पाठ करून कण्या निवडत होती. वाफ सुटली. आत्याचा हात थांबला नाही.

मंजुषानं शिवशंकरकडे बघितलं. शिवशंकर झडप धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं जवळ जाऊन हाक मारली, "आत्या." मग मोठ्यानं मारली. मग माझ्या बैलांनी माना वर केल्या इतक्या मोठ्यानं मारली. आत्यानं शेवटी सावली बघून मान वळवली आणि म्हणाली, "का रे शिवा? गाडी आली का?"

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो माझ्या धाबेवाल्यावरही होता.

शिवशंकरनं कुकर मंजुषाच्या हवाली केला, हात राखेनं घासून धुतले आणि ओसरीवर लिहायला बसला. मी भिंतीवरून बघत होतो. मध्येच त्याची मान वर झाली. काहीतरी सुचलं होतं, मला त्याचा तो चेहरा पाठ आहे. तो उठला, अंगणातला एक खडा उचलून माझ्या भिंतीशी रांगेच्या शेवटी ठेवला आणि परत जाऊन बसला. असं दोन-तीनदा झालं. एकदाही त्यानं त्या खड्याकडे वळून बघितलं नाही. उकंडराव "शिवशंकर, एक सांगू का," म्हणाले. त्यानं बोटानं रांगेचं शेपूट दाखवलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस लिहिणारा आहे.

लिहून झाल्यावर तो आत्याच्या समोर बसला आणि वाचू लागला. कंडक्टरच्या मावशीचं नाव नाही, मोटारसायकल नाही, तांड्यावरचं जेवण नाही. धाब्यावरून कुणीतरी ओरडतो, "कुठं चालली गं?" निता वळत नाही. अख्खं अंगण ऐकत होतं. किसनसिंगनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. सगळ्यांना ऐकू जात होतं, फक्त जिला जायला पाहिजे तिला नाही. आत्या त्याच्या ओठांकडे बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. तो थांबला. घसा बसला होता.

"बसली का?" आत्यानं विचारलं.

शिवशंकरनं कागद खाली ठेवला. उभा राहिला. एक हात वर करून त्यानं गाडीची दोरी धरल्यासारखी मूठ केली आणि कंडक्टर दोनदा घंटी मारतो तशी दोनदा खाली ओढली.

आत्या बघत राहिली. ही खूण तिनं त्या दिवशी नाक्यावर खालून बघितलेली होती.

"बसली," ती म्हणाली. "खिडकीपाशी?"

कागदावर खिडकी नव्हती, मी ऐकलं होतं. शिवशंकरनं मान डोलावली.

"बरं झालं. मला न्हाई जमलं बाबा. तिला जमलं." मग ती मांडीवरच्या कण्या झटकून उठली, मंजुषाचा हात न धरता फाटकातून वळसा घालून माझ्या भिंतीपाशी आली आणि वाकून तिनं आपला काळा दगड उचलला. लसूण ठेचून ठेचून त्याच्या मधोमध खळगा पडला होता. मंजुषा म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या, कामाचा हाय." आत्याला ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. हंगामात हळद शिजलेला शेतकरी फेकतो तसा तिनं तो दगड रस्त्याच्या पलीकडे फेकून दिला.

मग उकंडराव खाकरले आणि भिंतीशी येऊन त्यांनी आपली मोटारसायकलची अर्धी वीट पुढं घेतली. किसनसिंगनं गोटा पुढं घेतला. मीही वाकलो आणि माझा दगड हातभर पुढं सरकवला.